बुधवारचा केसपेपर

१

कागद खोटा आहे, असं मोजपट्टीला पहिल्या मिनिटातच वाटलं. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे, हे तिला पाच वर्षं विज्ञान शाखेत घोटून घोटून शिकवलं होतं. म्हणून तिनं तो कागद पुन्हा एकदा वाचला.

विद्यापीठाच्या आवारातल्या दवाखान्याचा केसपेपर. तारीख गेल्या बुधवारची. सगळा मजकूर संगणकावर छापलेला: ‘पोटात उजवीकडे दुखणे. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी स्वतः तपासले. ताप नाही. वजन ४२ किलो. ताबडतोब मोठ्या रुग्णालयात दाखल होण्याचा सल्ला दिला. विद्यार्थिनीने परीक्षेचे कारण सांगून नकार दिला व स्वतःच्या जबाबदारीवर निघून गेली.’ त्याखाली डॉक्टरांचा रबरी शिक्का. आणि सगळ्यात खाली, वेलांटीला गाठ मारलेली, मुंगीची सही.

मुंगी समोरच्या खाटेवर पडली होती. वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची ही पोर मुळातच एवढीशी, म्हणून वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात तिचं बारसं झालं होतं. मोजपट्टी, हेही तिथलंच नाव, तिच्याच खोलीत राहायची. बुधवारी संध्याकाळी मुंगी वसतिगृहाच्या जिन्यात कोसळली. मोठ्या रुग्णालयात पोट उघडलं तेव्हा अपेंडिक्स आत फुटलेलं निघालं. गुरुवारी तिची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा होती. ती अर्थातच बुडाली.

आजारपणात परीक्षा बुडाली तर पुन्हा घेतात. फक्त आवारातल्या दवाखान्याचा कागद लागतो. मोजपट्टीनं तो मागितला, तर हातात पडला तो हा. परीक्षा विभागानं तो वाचून लगेच कळवलं, की वैद्यकीय सल्ला धुडकावणाऱ्यांना ही सवलत नाही. वर्ष गेलं. काही म्हणणं असेल तर शुक्रवारी अकरा वाजता समितीपुढे मांडावं. आज मंगळवार होता.

पण मुंगीला वर्षापेक्षा जास्त लागलं होतं ते दुसरंच. तिची आई. बाईंची बावीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीत गेलेली. सहीशिवाय रजिस्टर पत्र सख्ख्या भावालाही द्यायचं नाही, आणि एकदा सही झाली की देवानंही ‘मिळालं नाही’ म्हणायचं नाही, असा त्यांचा कायदा. त्यांनी लेकीला एकच विचारलं होतं, “सही तुझी आहे ना?” मुंगी हो म्हणाली, तेव्हापासून त्या खुर्ची खिडकीकडे वळवून बसल्या होत्या. पाणी देत होत्या, उशी सारखी करत होत्या. पण बोलत नव्हत्या. डॉक्टर सांगत असताना पोरगी मरायला निघून गेली, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

“आई, मला तिथं डॉक्टर दिसलेसुद्धा नाहीत,” मुंगी दहाव्यांदा म्हणाली.

“सही करायच्या आधी वाचायचं असतं,” आई खिडकीलाच म्हणाली. “एवढंही शिकवलं नाही का मी?”

मुंगीचे डोळे भरून आले. टाके दुखतील म्हणून तिला नीट रडताही येत नव्हतं.

“वाचायला काय होतं त्यावर? कागद कोरा होता.”

२

मोजपट्टी भौतिकशास्त्र विभागाच्या उपकरणघरात साहाय्यक होती. तराजू, तापमापक, घड्याळं खरं बोलतात की नाही, हे तपासायचं तिचं काम. वसतिगृहात कोणी ‘थोडा वेळ थांब’ म्हटलं की ‘थोडा म्हणजे किती मिनिटं’ असं ती विचारायची, म्हणून हे नाव. ती त्याच दुपारी दवाखान्यात गेली आणि प्रथमच ती जागा उपकरण तपासावं तशी पाहिली.

एक बाक. बाकासमोर खिडकी. खिडकीत नोंदणीचे काका. काकांच्या उजवीकडे कोऱ्या केसपेपरचा गठ्ठा, डावीकडे पितळी बिल्ले, मध्ये एक पत्र्याचा ट्रे. मागे सिस्टरांची खोली: संगणक, छपाईयंत्र, कोपऱ्यात वजनकाटा. संगणकाचा परवलीचा शब्द पडद्यावरच चिठ्ठीनं डकवलेला. त्यामागे डॉक्टरांची खोली, दार लोटलेलं.

काकांनी सवयीनं एक कोरा कागद पुढे सरकवला. “इथं खाली सही कर, बिल्ला घे, बस.”

मोजपट्टीनं आजवर चार वेळा अशी सही केली होती. कधी काही खटकलं नव्हतं. आज तिनं पेन उचललंच नाही. आधी सही, मग आजार!

आधी सही का, असं तिनं विचारलं तेव्हा काकांनाच नवल वाटलं. तपासून झाल्यावर पोरं औषध घेऊन पळतात, मग सहीसाठी वसतिगृहं पालथी घालावी लागतात. म्हणून आधीच घ्यायची. काका लागले तेव्हापासून हेच. नंतर सिस्टर ताप, वजन घेतात, मजकूर संगणकावर भरतात, आणि तोच सही केलेला कागद छपाईयंत्रात घालतात. सगळे रकाने भरल्याशिवाय संगणक छापतच नाही, मोठा शिस्तीचा आहे, असं काका कौतुकानं म्हणाले. शिक्का? तो काय, ट्रेजवळच पडलेला असतो.

तेवढ्यात आतून एक मुलगा तोंड वाकडं करत बाहेर आला. काका हसले. “काय रे, जाड झालास म्हणून रडतोस? इथले तीन किलो आमच्याकडून भेट. घरी जाऊन वजा कर.” मुलगाही हसला. हा विनोद आवारात इतका जुना होता, की मोजपट्टी हसलीसुद्धा नाही.

तिनं बुधवारचं विचारलं आणि काकांचं हसू मावळलं. मुलगी अकराला आली, सही केली, सात नंबरचा बिल्ला घेतला. सिस्टर पावणेअकरालाच क्रीडास्पर्धेसाठी मैदानावर गेल्या होत्या. मुलगी बाकावर बसली, तासाभरानं बाहेर जाऊन ओकली, पुन्हा येऊन बसली. एकला बिल्ला ठेवून भिंतीला धरत निघून गेली. तिचा कागद ट्रेमध्येच राहिला.

“आणि डॉक्टर?”

काका बिल्ले लावायला लागले. एक, दोन, तीन, चार. “साहेबांचं साहेबांना विचार, पोरी.”

मुंगी त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारीही आली होती, तेव्हा सिस्टरांनी तिला पित्ताची गोळी देऊन परत पाठवलं होतं. तो कागद तरी दाखवा, असं मोजपट्टी म्हणाली. काका कपाटातली फाईल घेऊन आले, दोरा सोडला, पानं उलटली, आणि थांबले. मंगळवारच्या कागदांत मुंगीचा कागद नव्हता. दोऱ्यात अडकलेला त्याचा फाटका कोपरा तेवढा होता.

३

सिस्टरांविषयी मोजपट्टीला आधीपासून राग होता, आणि आता तो रास्त वाटू लागला. परीक्षा आली की पोरींची पोटं दुखतात, हे सिस्टरांचं पेटंट वाक्य. मंगळवारी तिला गोळीवर कोणी वाटेला लावलं? सिस्टरांनी. तो कागद नाहीसा होण्यात फायदा कोणाचा? सिस्टरांचा. संगणक कोणाच्या हाताखालचा? सिस्टरांचा. त्रैराशिक शाळकरी होतं.

सिस्टर पट्ट्या गुंडाळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. मोजपट्टीनं एकामागून एक प्रश्न टाकले. मंगळवारी ताप किती होता? डॉक्टरांना कळवलंत का? बुधवारच्या कागदावरचा मजकूर कोणी भरला? सिस्टरांच्या हातातली पट्टी घट्ट घट्ट होत गेली.

“निवृत्तीला माझी दोन वर्षं राहिलीत, बाळ,” त्या शेवटी म्हणाल्या. “माझा गोपनीय अहवाल कोण लिहितं, माहीत आहे ना?”

मोजपट्टीची कानशिलं तापली. एका पोरीचं वर्ष एका बाजूला, आणि यांची दोन वर्षं दुसऱ्या बाजूला, आणि या बाई खुशाल तोलत बसल्या आहेत! हे तिनं बोलूनही दाखवलं, आणि त्याहून जरा जास्तच.

सिस्टरांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग पट्टी खाली ठेवली.

“जिथं लिहायचं तिथं मी वेळच्या वेळी लिहिलंय. भिंतीला टांगलेलं कोणी वाचत नाही, तो दोष माझा नाही.”

भिंतीवर हात धुण्याच्या पद्धतीचं चित्र होतं, बंद पडलेलं घड्याळ होतं, आणि आणखी काय काय लटकत होतं. मोजपट्टी रागानं आंधळी झाली होती. तिनं पाहिलं नाही.

तिला दारातून बाहेर पडताना एवढंच दिसलं, की डॉक्टरांच्या खोलीचं लोटलेलं दार आता उघडं होतं आणि डॉक्टर दारातच उभे होते. “ये ना बेटा,” ते म्हणाले. “माझ्याशी कोणी बोलतच नाही.”

४

डॉक्टरांइतकं गोड माणूस मोजपट्टीनं त्या इमारतीत पाहिलं नव्हतं. त्यांनी खुर्ची दिली, पंखा वाढवला, मुंगीच्या टाक्यांची चौकशी केली. त्यांच्यामागे एक पोलादी कपाट होतं. किल्ली त्यांच्या टेबलावरच्या जुडग्यात. प्रवेश घेताना प्रत्येक विद्यार्थी शारीरिक तपासणीचा अर्ज भरून देतो, ते सगळे यात आहेत, असं त्यांनी बोलण्याच्या ओघात सांगितलं. मुलांची खाजगी माहिती, त्यामुळे किल्ली ते कोणाच्याही हाती देत नाहीत. कोणी विचारलं नसताना स्वतःचा सांभाळूपणा सांगायची त्यांना हौस दिसली.

आणि एवढ्या सगळ्या लोकांत सरळ उत्तरं देणारे तेच निघाले. हो, मुलगी आली होती. साधारण बाराला. सिस्टर मैदानावर होत्या, म्हणून ताप, वजन सगळं त्यांनीच पाहिलं, नोंदही त्यांनीच केली. रुग्णालयात जा म्हणून हात जोडायचे तेवढे बाकी राहिले होते.

“वजनसुद्धा तुम्हीच केलंत?” मोजपट्टीनं विचारलं. काही विशेष मनात नव्हतं. ती प्रत्येक आकड्याबद्दल विचारायचीच.

“मीच. त्या कोपऱ्यातल्या काट्यावर. बेचाळीस भरलं. काळजी वाटावी असंच वजन आहे तिचं.” ते मान तिरकी करून हसले. “तुझा माझ्यावर विश्वास नाही, हे दिसतंय. रुग्णालयात विचार की तिचं वजन किती ते. मी तिला पाहिलंच नसतं, तर मला कसं कळलं असतं?”

मंगळवारच्या कागदाबद्दल ते म्हणाले, की अशा गोष्टी सिस्टरांकडून होतात. वय झालं, बिचारीला वाचवायचं तरी किती.

मोजपट्टी थेट रुग्णालयात गेली. भूल देण्याआधी वजन घेतातच. खाटेच्या पायथ्याच्या तक्त्यावर ते लिहिलेलं होतं. बुधवार, संध्याकाळ, बेचाळीस किलो.

आकडा तंतोतंत जुळला. मोजपट्टी आकड्यांवर कधी संशय घेत नसे. माणसांवरच घ्यायची. तिनं झोपलेल्या मुंगीकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या मनात आलं: हिला ताप होता, वेदना होत्या. ही खरंच डॉक्टरांना भेटली असेल, आणि हिला आठवत नसेल तर?

आईनं तिच्या चेहऱ्यावरचं ते वाचलं. “बघ,” ती हळूच म्हणाली. तिच्या आवाजात विजय नव्हता. उलट, कोणीतरी आपल्याला खोटं पाडावं म्हणून ती वाट पाहत होती, आणि ती शेवटची आशाही आता गेली होती.

५

बुधवारी मोजपट्टीनं उपकरणघरात स्वतःला कोंडून घेतलं. पहिल्या वर्षाची मुलं तराजू वापरून गेली होती, आणि नेहमीसारखी काटा शून्यावर न आणताच. तिनं एकेक तराजू तपासून नोंदवहीत टिपायला घेतला. हा दोन ग्रॅम जास्त दाखवतो. हा पाच. प्रत्येक उपकरण आपापल्या परीनं चुकतं, आणि चूक कायम एकसारखी असेल तर ती उपकरणाची ओळखच होते, हे ती दर वर्षी नव्या मुलांना सांगायची. कोणत्या तराजूवर मोजलं, हे ती नुसत्या चुकीवरून सांगू शकायची.

नोंदवहीत खूण म्हणून एक चिठ्ठी घातलेली होती. महिन्याभरापूर्वी ती खोकल्यासाठी दवाखान्यात गेली होती, तेव्हा मिळालेली औषधाची चिठ्ठी. नाव, तारीख, वजन एकोणसाठ.

मोजपट्टीचं वजन छप्पन होतं. तीन वर्षं छप्पनच होतं.

ती चिठ्ठीकडे किती वेळ पाहत राहिली हे तिनं मोजलं नाही, आणि असं तिच्या आयुष्यात क्वचितच झालं होतं. काकांचा तो शिळा विनोद तिच्या कानात नव्यानं वाजला. इथले तीन किलो आमच्याकडून भेट. मग सिस्टर आठवल्या. भिंतीला टांगलेलं कोणी वाचत नाही.

ती दवाखान्यात पळत गेली. बंद घड्याळाखाली खिळ्याला दोरीनं टांगलेली तक्रारवही होती. धूळ झटकून तिनं ती उघडली. सिस्टरांचं ठसठशीत अक्षर: ‘रंगकामाच्या वेळी वजनकाटा पायरीवरून पडला. तीन किलो जास्त दाखवतो. दुरुस्ती व्हावी.’ सत्राचा पहिला आठवडा. पाच आठवड्यांनी तेच पुन्हा. मग आणखी एकदा, ‘तिसऱ्यांदा लिहीत आहे’ असं वर लिहून. तिन्हींच्या समोर, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ‘पाहिले’ म्हणून सही करायचा रकाना कोरा. अख्ख्या सत्रात त्या रकान्यात एकही सही नव्हती.

संध्याकाळी वसतिगृहात तिनं फर्मान काढलं: या सत्रात जी जी दवाखान्यात गेली तिनं औषधाची चिठ्ठी शोधायची आणि उपकरणघरात वजनाला यायचं. “लग्न ठरवतेस की काय आमचं?” असं कोणीतरी विचारलं. कोणी म्हणालं, आता उंची आणि स्वभावही मोजून घे. पण मुंगीसाठी आहे म्हटल्यावर पुस्तकांतून, पर्सांच्या तळांतून, एकीच्या तर वाणाच्या डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या. अकरा मुली, अकरा चिठ्ठ्या. एक त्याच बुधवारची, सकाळी साडेदहाची, म्हणजे सिस्टर मैदानावर जाण्याआधीची. एक लगेच गुरुवारची. मोजपट्टीनं एकेकीला प्रमाणित काट्यावर उभं केलं आणि फरक लिहिले. सगळे अडीच ते साडेतीनच्या मध्ये.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. बुधवारच्या कागदावरचं वजन बरोबर होतं. तेवढंच त्यात चुकलेलं होतं.

६

समितीच्या प्रमुख उपकुलसचिव मॅडम होत्या. कमी बोलणाऱ्या, आणि दुसऱ्यानंही कमी बोलावं अशी अपेक्षा ठेवणाऱ्या. डॉक्टरांनी आपलं म्हणणं पुन्हा सांगितलं, तितक्याच गोडव्यानं. मुलगी बाराला आली, वजन मी केलं, सल्ला दिला, तिनं ऐकलं नाही. सिस्टर आणि काका भिंतीला लागून उभे होते. मुंगीची आईही आली होती. मागच्या खुर्चीत, पर्स मांडीवर धरून.

मोजपट्टीनं फक्त एक विनंती केली, की समितीनं पाच मिनिटं दवाखान्यात चालावं. बाहेर तिची ढकलगाडी उभी होती. तिच्यावर वीस-वीस किलोची दोन प्रमाणित वजनं, पितळी छाप असलेली.

तिनं ती एकेक करून कोपऱ्यातल्या काट्यावर ठेवली. मॅडम वाकल्या. चष्मा वर केला, खाली केला.

“त्रेचाळीस,” त्या म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, की यंत्र आहे, बिघडतं; काल-परवा बिघडलं असेल. मोजपट्टीनं अकरा चिठ्ठ्या आणि तिचा तक्ता पुढे ठेवला. बुधवारी सकाळी काटा तीन किलो जास्त दाखवत होता, गुरुवारीही तसाच. मग बुधवारी दुपारी बारा वाजता, फक्त मुंगीपुरता, तो शहाणा झाला होता का? मुंगी या काट्यावर उभी राहिली असती तर कागदावर पंचेचाळीस आलं असतं. बेचाळीस हे तिचं खरं वजन. म्हणजे ते या काट्यानं सांगितलेलं नाही. ते दुसऱ्या कागदावरून उतरवलेलं आहे.

मग डॉक्टरांनी अतिशय दुःखानं सिस्टरांकडे पाहिलं. मी तपासलं हे खरं, ते म्हणाले. पण नोंद कदाचित नंतर यांनी भरली असेल. माझी आठवण चुकली असेल. संगणक यांच्याच खोलीत असतो.

मोजपट्टी भडकली. तीन दिवसांपूर्वी हाच आरोप तिनंही केला होता. पण ती आवाज न चढवता बोलली, कारण तिला प्रत्येक शब्द पोचायला हवा होता.

“सिस्टरांनी तीनदा लिहून दिलंय की काटा चुकतो. त्या खोटा कागद करायला बसल्या असत्या, तर त्यांनी पंचेचाळीस लिहिलं असतं. काका रोज पोरांना सांगतात, तीन वजा करा. त्यांनीही पंचेचाळीसच लिहिलं असतं. झाडणाऱ्या मावशींना माहीत आहे. वसतिगृहातल्या भिंतींना माहीत आहे. मॅडम, या दवाखान्याचा काटा चुकतो, हे सत्रभर इथं पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नाही असा एकच माणूस आहे. आणि का ठाऊक नाही, तेही उघड आहे.”

मॅडमनी खिळ्यावरची तक्रारवही उघडून कोरा रकाना तपासला. मग त्यांनी पोलादी कपाटाची किल्ली मागितली. डॉक्टर म्हणाले, ती खाजगी माहिती आहे. मॅडमनी नुसता हात पुढे धरून ठेवला. प्रवेशाच्या वेळचा मुंगीचा अर्ज वरच होता, गठ्ठ्यात नीट परत न खोचलेला. वजन बेचाळीस किलो.

आणि तेव्हा भिंतीजवळून सिस्टर बोलल्या, कोणाकडेही न पाहता.

“मंगळवारी मी पंचेचाळीस लिहिलं होतं. ताप एकशे एक. पोटाला हात लावू देत नव्हती. साहेबांना तीन फोन केले. साहेब गावातल्या त्यांच्या दवाखान्यात होते. ते म्हणाले, परीक्षेचं सोंग आहे, पित्ताची गोळी द्या.” त्यांनी मॅडमकडे पाहिलं. “मी दिली.”

काकांनी घसा खाकरला. गुरुवारी सकाळी साहेब आले, सत्रात पहिल्यांदाच नऊच्या ठोक्याला. आल्या आल्या म्हणाले, कालचा ट्रे आणा, आणि मंगळवारची फाईलही. काका एवढंच बोलले, आणि आयुष्यभराचं ओझं उतरवल्यासारखे बाकावर बसले.

मोजपट्टीला वाटलं होतं, आपल्याला आनंद होईल. पण तिच्या मनात फक्त तो बाक येत होता. सात नंबरचा बिल्ला मुठीत धरून दोन तास बसलेली मुंगी. पलीकडे एक रिकामी खोली. आणि त्या रिकाम्या खोलीनं दुसऱ्या दिवशी लिहून दिलं होतं, की हिनं ऐकलं नाही.

७

मुंगीची प्रात्यक्षिक परीक्षा पुढच्या महिन्यात ठरली. डॉक्टर चौकशी होईपर्यंत रजेवर गेले. त्यांच्या जागी अर्ध्या दिवसासाठी एक तरुण डॉक्टरीण आली. काटा मात्र तिथंच होता. दुरुस्तीचा अर्ज आता समितीकडे गेला होता, म्हणजे त्याला आणखी वेळ लागणार होता.

सोमवारी मुंगी जखमेची पट्टी बदलायला दवाखान्यात आली. एका बाजूनं मोजपट्टी, दुसऱ्या बाजूनं आई. शुक्रवारपासून आई लेकीशी बोलायला लागली होती. पण फक्त गोळ्या, दूध आणि झोप यांबद्दल. चुकलं असं म्हणायची त्या घराची रीत नव्हती. रांगेत पंधरा-सोळा पोरं होती.

काकांनी मान वर न करता कोरा कागद सरकवला. तीस वर्षांची सवय, एका शुक्रवारानं काय मोडणार? “इथं खाली सही कर, बिल्ला घे, बस.”

मुंगीनं पेन घेतलं. आईनं तिच्या हातावर हात ठेवला.

मग बाईंनी तो कागद उचलला. मागून पाहिला, पुढून पाहिला, बावीस वर्षं रजिस्टर पत्रं पाहिली तसा. आणि खिडकीतून परत आत सरकवला.

“हा कोरा आहे,” त्या म्हणाल्या. “मीही खिडकीतच बसते, भाऊ. कोऱ्यावर सही मी कधी घेतली नाही आणि माझी मुलगी आता देणार नाही. आधी तपासा. मग लिहा. मग ती वाचेल.”

मागून दुसऱ्या नंबरच्या मुलानं आपला सही केलेला कागद ट्रेमधून परत मागितला. मग तिसऱ्यानं. काकांनी ट्रे उचलला आणि एकेकाचा कागद ज्याला त्याला देऊ लागले.

आई बाकावर बसली आणि शेजारची जागा हातानं पुसून लेकीला दाखवली. मुंगी तिच्या खांद्याला टेकली.

“किती वेळ बसली होतीस इथं?” आईनं विचारलं.

“दोन तास,” मुंगी म्हणाली.

आईनं मान हलवली आणि तिचा हात घट्ट धरून ठेवला.